वाद्याला हात लावू द्या!

मराठी माणूस वस्तू पारखतो ती हातानं. आंब्याची पेटी उघडली की आधी देठाशी नाक आणि मग बोटांचा हलका दाब. मंडईत भेंडीचं टोक मोडून बघितल्याशिवाय ती पिशवीत पडत नाही. लक्ष्मी रोडवर साडी घ्यायला बसलेल्या बायका पन्नास साड्या उलगडायला लावतात, पदर खांद्यावर टाकून आरशासमोर उभ्या राहतात, पोत चिमटीत धरून पाहतात आणि "जरा पुढच्या आठवड्यात येतो हं" म्हणून उठतात. दुकानदार घड्या घालता घालता वर चहाचं विचारतो. यात कुणालाच काही वावगं वाटत नाही.

मग जी वस्तू हातात घेतल्याशिवाय कळूच शकत नाही, नेमकी तीच आपण काचेच्या कपाटात का ठेवतो? मी वाद्यांबद्दल बोलतो आहे. आपल्याकडच्या कितीतरी दुकानांत गिटार, मेंडोलिन, व्हायोलिन प्लॅस्टिकच्या पिशव्यांत टांगलेली असतात आणि शेजारी 'हात लावू नये' अशी पाटी असते. तुम्ही विचारलंत तर उत्तर मिळतं, "घेणार असाल तर काढतो." सगळीच दुकानं अशी नाहीत, हे मान्य. पण वाद्य न वाजवताच विकत घ्यायचं, हा आपल्याकडे जवळजवळ रिवाज झाला आहे. गेल्या काही वर्षांत त्यात मोबाइलवर बटण दाबून घरपोच वाद्य मागवण्याची भर पडली. आता तर काचही मध्ये उरली नाही, नुसतं चित्र उरलं.

या रिवाजाचा फटका कुणाला बसतो, हे मला अगदी वेगळ्या ठिकाणी, अमेरिकेतल्या नॅशव्हिल शहरात नीट उमगलं. मुलगी अटलांटाला असते. तिथून नॅशव्हिल मोटारीनं चार तासांवर. गावाचा सगळा कारभारच गाण्याबजावण्याचा. विमानतळापासून खाणावळीपर्यंत कुठे ना कुठे कुणीतरी गिटार घेऊन बसलेलं. मी बँकेतून निवृत्त झालेला माणूस. पण तरुणपणी गणपतीच्या मेळ्यांत आणि पुढे हौशी ऑर्केस्ट्रात मेंडोलिन वाजवलं. कलकत्त्याला बनवलेलं ते मेंडोलिन अजून माझ्याजवळ आहे. त्यामुळे नॅशव्हिलला जाऊन वाद्यांचं दुकान न बघणं म्हणजे पंढरपूरला जाऊन नामदेव पायरी न बघण्यासारखं झालं असतं. दुकानाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. जाहिरात करायची नाही आणि तशी दुकानं त्या देशात एकच नाही.

आत शिरलो तर भिंतभर वाद्यं टांगलेली. काच नाही, कुलूप नाही. प्रत्येकाच्या डोक्याला दोऱ्यानं बांधलेली किमतीची चिठ्ठी. नऊशे डॉलर, पाच हजार, बारा हजार, अठरा हजार. शेवटचा आकडा रुपयांत केला तर पंधरा लाखांच्या वर जातो. आमच्या सौ.नी चिठ्ठी वाचली आणि माझा हात धरून मागे ओढला. तेवढ्यात दुकानातला माणूस आला. काय हवंय, बजेट किती, यातलं काहीही त्यानं विचारलं नाही. विचारलं ते एवढंच, "तुम्ही काय वाजवता?" मी मेंडोलिन म्हणताच त्यानं दोन-तीन वाद्यं उतरवली, एकेक करून सुरात लावली, एका लहान खोलीत मला स्टुलावर बसवलं आणि "सावकाश होऊ द्या" म्हणून तो निघून गेला.

इथे थोडा इतिहास सांगायला हवा, कारण त्याशिवाय त्या चिठ्ठ्यांचा अर्थ लागत नाही. मेंडोलिन मूळचं इटलीचं. नेपल्सच्या जुन्या मेंडोलिनची पाठ भोपळ्यासारखी गोल असे. चार जोड्यांत आठ तारा आणि सुरावट व्हायोलिनचीच. अमेरिकेत ऑर्व्हिल गिब्सन नावाच्या कारागिरानं ही गोल पाठ काढून टाकली आणि व्हायोलिनप्रमाणे लाकूड कोरून बाकदार तबली आणि पाठ करायला सुरुवात केली. त्याच्या नावाची कंपनी १९०२ साली मिशिगन राज्यातल्या कॅलमझू गावी निघाली. पुढे या कंपनीत लॉइड लोअर नावाचा, स्वतः मेंडोलिन वाजवणारा जाणकार आला. त्याच्या देखरेखीखाली १९२२ साली 'एफ-५' हे मेंडोलिन तयार झालं. गोल भोकाऐवजी व्हायोलिनसारख्या दोन फटी, तबलीच्या पोटात आवाज सावरणाऱ्या दोन लाकडी पट्ट्या, खांद्यापाशी गोगलगायीसारखं वेटोळं. १९२४च्या अखेरीस लोअर कंपनी सोडून गेला. त्याची सही असलेली ती मोजकी मेंडोलिनं आज लाख डॉलरच्याही वर जातात.

गंमत अशी, की नवीन असताना हे वाद्य बाजारात फारसं चाललंच नाही. मेंडोलिनची लाट ओसरून बँजोचे दिवस आले होते. त्याला खरी किंमत आली ती वीस वर्षांनी. बिल मनरो या वादकाला १९४०च्या दशकात मायामीतल्या एका न्हाव्याच्या दुकानात ९ जुलै १९२३ ही तारीख आणि लोअरची सही असलेलं एक जुनं एफ-५ दिसलं. त्यानं ते दीडशे डॉलरच्या आसपास घेतलं आणि त्यावर 'ब्लूग्रास' नावाचं एक अख्खं संगीत उभं केलं. न्हाव्यानं तिथे 'हात लावू नये' अशी पाटी लावली असती तर काय झालं असतं, हा विचार मला फार वेळ सोडत नव्हता.

१९८५ साली कुणीतरी मनरोच्या घरात शिरून शेकोटीच्या सळईनं त्या वाद्याच्या चिरफळ्या केल्या. कारागिरांनी त्या वेचून, जुळवून, चिकटवून ते पुन्हा वाजतं केलं. मनरो १९९६ साली गेला. त्याचं मेंडोलिन नॅशव्हिलच्याच 'कंट्री म्युझिक हॉल ऑफ फेम' या संग्रहालयात ठेवलेलं आहे, काचेमागे. आणि तिथे ते काचेमागेच असावं. संग्रहालय हे संग्रहालय असतं. माझी तक्रार आहे ती दुकानांचं संग्रहालय होण्याबद्दल.

आता त्या खोलीत काय झालं ते सांगतो. पहिलं हाती आलं ते नऊशे डॉलरचं, साध्या थेंबाच्या आकाराचं. दुसरं शंभर वर्षांचं जुनं, गोल भोकाचं. तिसरं आजच्या एका कारागिराचं, अठरा हजारांचं एफ-५. मी तिन्हीवर तेच वाजवलं. यमनचे आरोह-अवरोह, एका भावगीताचं सुरुवातीचं संगीत आणि हात मोकळा होण्यासाठी सगळ्या पडद्यांवरून एक फेरी.

जुन्या वाद्याचा आवाज मऊ, गोल. तानपुऱ्याशेजारी बसावं असा. महागड्या एफ-५चा आवाज तसा नाही. तो खोलीच्या दुसऱ्या टोकाला जाऊन पोचतो. हलकी तार छेडली तरी सूर उभा राहतो आणि जोरात मारली तरी फाटत नाही. ब्लूग्रासवाले मेंडोलिनवर ठेकाही धरतात. तारांवर फटका मारून डाव्या हातानं लगेच आवाज दाबायचा. याला ते 'चॉप' म्हणतात. दुकानातल्या माणसानं दाराशी उभं राहून मला ते दाखवलं, तेव्हा जणू तबलजीनं किनारीवर चाट मारल्यासारखं वाटलं. तबलीची जाडी कुठे किती मिलिमीटर ठेवायची, स्प्रूसचं लाकूड कुठून घ्यायचं, पाठीला मेपल कसं कोरायचं, या सगळ्यावर कारागिरानं घालवलेले महिने त्या एका फटक्यात ऐकू येतात.

पण मला सगळ्यात मोठा धक्का दिला तो नऊशे डॉलरच्या वाद्यानं. त्याचा आवाज अठरा हजारांच्या जवळपास नव्हता, हे खरं. पण तारा बोटांखाली लोण्यासारख्या दबत होत्या. कुठल्याही पडद्यावर सूर खरा होता. एकही तार करकरत नव्हती. मेंडोलिनवर तारांचा एकूण ताण सत्तर-ऐंशी किलोंच्या आसपास असतो. पडद्यांपासून तारा अर्धा मिलिमीटर जरी जास्त वर राहिल्या, तरी डाव्या हाताची बोटं दहा मिनिटांत सोलवटतात. हे वाद्य दुकानात आल्यावर कुणीतरी बसून त्याची घोडी सरकवली होती, खाचा कानशीनं खोल केल्या होत्या, पडदे एका पातळीत आणले होते. विकण्याआधी वाद्य वाजण्याजोगं करणं, हे ते दुकान आपलं कामच समजत होतं.

जास्त पैसे म्हणजे जास्त चांगला सूर, हे एका मर्यादेपर्यंतच खरं. याचा दाखला व्हायोलिनच्या जगात मिळाला आहे. २०१० साली अमेरिकेतल्या इंडियानापोलिसमध्ये २१ वादकांच्या डोळ्यांवर गडद चष्मे चढवून त्यांच्या हाती सहा व्हायोलिन दिली गेली. तीन नवी, दोन स्ट्राडिव्हेरियसची आणि एक ग्वार्नेरीचं. जुन्यांची किंमत कोट्यवधींची. बहुतेकांना जुनं कोणतं आणि नवं कोणतं हे ओळखता आलं नाही आणि पसंती मिळाली ती नव्यांपैकी एकाला. २०१२ साली हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले तेव्हा बरीच वादावादी झाली. पण आपल्यासारख्यांनी त्यातून घ्यायचं ते सोपं आहे. चिठ्ठीवरची किंमत डोळ्यांनी वाचता येते, वाद्य नाही. वाद्य हातात घेऊनच ठरवावं लागतं, आणि ते ज्यानं त्यानं आपल्या हातांनी.

मी त्या खोलीत तासभर होतो. बाहेर आलो तेव्हा सौ.नी गाडीत बसल्यावर तो प्रश्न विचारला जो तुमच्याही मनात आला असेल. "घ्यायचं नव्हतं, तर त्या माणसाचा वेळ कशाला घेतलात?"

प्रश्न रास्त आहे. मी तारांचे दोन संच आणि चार पिक घेतली होती. पण तेवढ्यानं तासाभराचं भाडं फिटत नाही. साडीच्या दुकानाचं उदाहरण देऊन सुटकाही होत नाही, कारण साडी आज ना उद्या घेतली जाते. पंधरा लाखांचं मेंडोलिन मी या जन्मी घेणार नाही, हे त्या माणसालाही कळत असणार.

शिवाय अशा दुकानांचं अर्थकारण नाजूक असतं, हेही खरं. न्यू यॉर्कच्या स्टेटन आयलंडवर 'मेंडोलिन ब्रदर्स' नावाचं दुकान १९७१ पासून होतं. जगभरचे वादक तिथे यायचे. जोनी मिचेलच्या १९७६च्या एका गाण्यात स्टेटन आयलंडला मेंडोलिन घ्यायला जाण्याचा उल्लेख आहे, तो याच दुकानाचा. चालक स्टॅन जे २०१४ साली गेले आणि २०१७ साली दुकान बंद झालं. वाद्य दुकानात वाजवून बघायचं आणि दोन पैसे स्वस्त म्हणून घरी जाऊन इंटरनेटवर मागवायचं, ही चाल जगभर पसरली आहे. माझ्या मते ती सरळसरळ लबाडी आहे. दुकानदाराच्या जागेचं भाडं, त्याची नजर, त्याचा कान, सगळं फुकट वापरायचं आणि पैसे मात्र दुसऱ्याला द्यायचे. जिथे वाजवून बघितलं तिथेच घ्यावं, आणि काहीच घेणार नसू तर हात स्वच्छ, अंगठी काढलेली, पट्ट्याचं बक्कल वाद्याच्या पाठीला लागणार नाही याची काळजी, एवढं तरी आपल्याकडून असावं.

तरीही मी म्हणेन, की हात लावू देणाऱ्या दुकानदाराचा हिशेब चुकीचा नाही. मी तिथे असतानाच एक बाई दहाएक वर्षांच्या मुलाला घेऊन आली. त्या मुलालाही तोच प्रश्न, तोच स्टूल. त्याच्या हाती दिलेलं वाद्य सगळ्यात स्वस्त होतं, पण सुरात लावून दिलेलं. पोरगं अर्धा तास एकच धून घोळवत बसलं. आईनं काही घेतलं नाही. ती गेल्यावर मी दुकानातल्या माणसाकडे पाहिलं. तो वाद्य पुसत म्हणाला, "आज नाही, पण हा मुलगा परत येणार." त्या वाक्यात धंदा होता आणि संगीतही होतं.

खरा मुद्दा इथे आहे. आपल्याकडे मूल शिकायला लागलं की आईवडील म्हणतात, "आधी साधं घेऊ, जमलं तर पुढे चांगलं बघू." ऐकायला हे शहाणपणाचं वाटतं. प्रत्यक्षात काय होतं? साधं म्हणजे प्लायवूडचं, तारा बोटभर वर, बाराव्या पडद्यावर सूर चढलेला. मुलाची बोटं दुखतात, सूर लागत नाही आणि तीन महिन्यांत शिक्का बसतो, "त्याला काही गोडी नाही हो." वाद्य कपाटावर जातं. दोष वाद्याचा असतो, शिक्षा मुलाला होते. कसलेला वादक वाईट वाद्यातूनही सूर काढतो, कारण कुठे सांभाळायचं हे त्याला कळतं. नवशिक्याला ते कळत नाही. म्हणजे नीट लावलेल्या वाद्याची गरज सर्वांत जास्त कुणाला, तर शिकाऊ मुलाला. आणि आपण नेमकं त्यालाच उरलंसुरलं देतो.

बिल मनरोचंच बघा. आठ भावंडांत तो धाकटा. फिडल आणि गिटार मोठ्या भावांनी आधीच पटकावलेली, म्हणून याच्या वाट्याला मेंडोलिन आलं. तेही आठातल्या चार तारा काढून, कारण भावांना त्याचा आवाज फार नको होता. हा माणूस त्यातूनही वर आला, म्हणून आपण त्याची गोष्ट सांगतो. जे आले नाहीत त्यांच्या गोष्टी कुणी लिहीत नाही.

उलट उदाहरण आपल्या देशातलं आहे. आंध्रातल्या पालकोल्लूचा, १९६९ साली जन्मलेला यू. श्रीनिवास. वयाच्या सहाव्या वर्षी त्यानं वडिलांचं मेंडोलिन उचललं. 'हात लावू नकोस' असं त्याला कुणी म्हटलं नाही. त्याच्या गुरूंना मेंडोलिन येत नव्हतं. ते गायचे आणि हा पोरगा ते तारांवर उतरवायचा. पुढे त्यानं विजेच्या मेंडोलिनवर कर्नाटक संगीत असं उभं केलं, की कुणी त्याला परकं वाद्य म्हणेनासं झालं. २०१४ साली तो अवघ्या ४५ व्या वर्षी गेला. उत्तरेत सज्जाद हुसेन यांनी याच छोट्या वाद्यावर रागदारी वाजवून दाखवली होती. आणि १९९५च्या 'दिलवाले दुल्हनिया ले जाएंगे'मधली मेंडोलिनची ती धून तर आपल्या घराघरांत आजही गुणगुणली जाते. वाद्य परदेशी असेल, कान आपलेच आहेत.

आणि हात लावू देण्याची रीत आपल्याला नवी आहे असंही नाही. मिरजेला जा. शस्त्रांना धार लावणाऱ्या शिकलगार घराण्यातल्या फरीदसाहेबांनी एकोणिसाव्या शतकात तिथे वाद्यांचं काम सुरू केलं. २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळालं. सतारमेकरांच्या गल्लीत कारागीर जमिनीवर बसून घोडी घासत असतो, मध्येच तार छेडतो, ऐकतो, पुन्हा घासतो. जवारी खुलेपर्यंत हे चालतं. घेणारा शेजारी बसलेला असतो आणि "जरा अजून मोकळी करा" म्हणतो. तिथे वाद्य गिऱ्हाइकाच्या कानासमोर पुरं होतं. ती परंपरा आपल्या घरात असताना शहरातल्या दुकानांनी काच आणि पाटी कुठून आणली?

दुकानदारांचीही बाजू आहे. आपल्याकडचा दमटपणा, धूळ, नफ्याचं तुटपुंजं प्रमाण, वाद्य आपटून "आधीच तुटलेलं होतं" म्हणणारी गिऱ्हाइकं. सगळी वाद्यं उघडी ठेवा, असं मी म्हणणार नाही. पण प्रत्येक प्रकारातलं एक, फक्त एक वाद्य सुरात लावून बाहेर ठेवा. शेजारी एक स्टूल. एवढ्यानं दुकान बुडणार नाही, उलट चार घरांत वाद्य जाईल. ग्रंथालयं पुस्तकं घरी नेऊ देतात. मग शाळांनी, गणेश मंडळांनी वर्गणीतून चार चांगली वाद्यं घेऊन ती मुलांना महिनाभर घरी द्यायला काय हरकत आहे? लाउडस्पीकरच्या एका दिवसाच्या भाड्यात एखादी पेटी दुरुस्त होते.

आणि आईवडिलांसाठी थोडं. वाद्य घ्यायला जाल तेव्हा जाणकाराला बरोबर न्या. ते जमलं नाही तर एवढं तरी बघाच. तारेचं वाद्य असेल तर मोकळी तार आणि बाराव्या पडद्यावर दाबलेली तीच तार, यांत बरोबर एका सप्तकाचं अंतर हवं. पहिल्या पडद्याशी तार सहज दबली पाहिजे. प्रत्येक पडद्यावर सूर स्वच्छ हवा, करकर नको. पेटी असेल तर भाता भरून एकही पट्टी न दाबता सोडा. तो भसकन बसला तर हवा गळते आहे. तबला असेल तर सोळाही घरं एका सुरात लागतात का, ते ऐका. आणि सर्वांत मुख्य म्हणजे, ज्याच्यासाठी घेता आहात त्या मुलाच्या हातात ते द्या. त्याला वाजवता येत नसेना का. त्याचा चेहरा बघा.

महाग वाद्य प्रत्येकाच्या घरी येणार नाही, यायची गरजही नाही. पण चांगलं वाद्य म्हणजे काय हे एकदा तरी प्रत्येक मुलाच्या बोटांना कळलं पाहिजे. एकदा कळलं की पुढे ते मूल साध्या वाद्यातही तो सूर शोधत राहतं. न कळलेल्या सुराचा शोध मात्र कुणीच घेत नाही. तेव्हा दुकानदार मंडळी, ती पाटी तेवढी काढून ठेवा.